४७ स्क्रू आणि एक पाळीबदल: कॉन्टिनेन्टल एक्सप्रेस २५७४ चं प्रकरण

११ सप्टेंबर १९९१. कॉन्टिनेन्टल एक्सप्रेसचं उड्डाण क्रमांक २५७४ सकाळी ९:०९ ला टेक्सासमधल्या लारेडोहून ह्यूस्टनकडे निघालं. विमान होतं एम्ब्राएर १२० ब्रासिलिया, ब्राझीलमध्ये बनलेलं, दोन टर्बोप्रॉप (पंखे फिरवणाऱ्या) इंजिनांचं. आत ११ प्रवासी, दोन वैमानिक आणि एक केबिन कर्मचारी. १०:०३ च्या सुमारास ह्यूस्टनसाठी खाली उतरत असताना, साडेअकरा हजार फुटांवर आणि २६० नॉट वेगात, विमानाचं नाक एकाएकी खाली गेलं. इतक्या जोरात, की विमानाची बांधणी तो ताण सोसूच शकली नाही. हवेतच तुकडे झाले, आग लागली आणि अवशेष ईगल लेक गावाजवळ पडले. १४ पैकी कोणीही वाचलं नाही.

वेग मर्यादेच्या आत होता. वैमानिकांचं बोलणं नेहमीसारखं, उतरण्याच्या तयारीचं. काहीतरी बिघडतंय याची चाहूल लागावी इतकाही वेळ त्यांना मिळाला नाही.

तपास अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाकडे, म्हणजे एनटीएसबीकडे गेला. मुख्य अवशेषांपासून दूर एक तुकडा सापडला: शेपटीच्या डाव्या आडव्या पंखाची पुढची कड. बाकी विमानापासून ती आधी सुटली होती. ही कड पंखाला वरून आणि खालून स्क्रूंनी जोडलेली असते. खालच्या स्क्रूंची भोकं फाटलेली होती, म्हणजे तिथे स्क्रू होते आणि ते ओढले गेले. वरच्या बाजूची भोकं मात्र शाबूत. तिथे स्क्रू नव्हतेच. एकूण ४७.

४७ स्क्रू उडताना आपोआप गळून पडत नाहीत. ते कोणीतरी काढले होते, आणि तेही आदल्या रात्रीच.

ही कड इतकी महत्त्वाची का

विमानाच्या शेपटीचा आडवा पंख सहसा वर उचलण्याचं काम करत नाही. तो शेपटीला खाली दाबून धरतो, आणि त्या दाबामुळे नाक खाली न झुकता विमान समतोल राहतं. हवा पंखाच्या पुढच्या गोलसर कडेवरून नीट वाहते तोवरच हा दाब टिकतो. कड निघाली की हवा पंखाला धरून वाहत नाही, दाब नाहीसा होतो आणि शेपटी वर उसळते. नाक खाली जातं. २६० नॉटला हे सगळं क्षणार्धात घडतं. कंट्रोल कॉलम, म्हणजे वैमानिकासमोरचा नाक वर-खाली करणारा दांडा, मागे खेचून उपयोग नसतो, कारण ज्या पंखाच्या जोरावर नाक वर यायचं, तोच पंख कामातून गेलेला असतो.

या कडेवर रबराचं एक आवरण चिकटवलेलं असतं. त्याला डी-आइस बूट म्हणतात. कडेवर बर्फ साचला की त्यात हवा भरतात, ते फुगतं आणि बर्फ तडकून उडून जातो. हिवाळ्याच्या आधी, ऑगस्टमध्ये, कंपनीने आपल्या विमानांचे बूट तपासले होते. या विमानाच्या शेपटीवरचे दोन्ही बूट सुकून भोकं पडलेले आढळले, म्हणून ते बदलायचं ठरलं. काम अगदी रास्त. ज्या प्रतिबंधक दुरुस्तीने विमान अधिक सुरक्षित व्हायचं, तीच दुरुस्ती अपघाताची पहिली पायरी ठरली. विमान देखभालीत हे नवीन नाही. उघडलेली वस्तू न उघडलेल्या वस्तूपेक्षा जास्त धोक्याची असते.

१० सप्टेंबरची रात्र

साडेनऊच्या सुमारास विमान ह्यूस्टनच्या हँगरमध्ये आलं. तेव्हा दुसरी पाळी चालू होती. ब्रासिलियाची शेपटी टी आकाराची, म्हणजे आडवा पंख उभ्या शेपटीच्या अगदी माथ्यावर, जमिनीपासून सुमारे २० फूट उंच. दोन मेकॅनिक हायड्रॉलिक लिफ्टवर चढून कामाला लागले. त्यांनी उजव्या कडेच्या खालच्या बाजूचे बरेचसे स्क्रू काढले आणि बूट सोडवायला सुरुवात केली.

आता गोष्टीतला महत्त्वाचा माणूस येतो: दुसऱ्या पाळीचा क्वालिटी कंट्रोल इन्स्पेक्टर. त्याचं काम तपासण्याचं. पण मेकॅनिकांना हात द्यायला तोही वर गेला. उजव्या बाजूचे वरचे स्क्रू त्याने काढले. मग पंखावरूनच पलीकडे गेला आणि डाव्या बाजूचेही वरचे स्क्रू काढले. दोन्ही बूट बदलायचे आहेत, म्हणजे हे स्क्रू काढावे लागणारच, असा साधा हिशेब. काढलेले स्क्रू त्याने एका पिशवीत भरले आणि पिशवी लिफ्टवर ठेवली.

तेवढ्यात तिसऱ्या पाळीचा सुपरवायझर लवकर आला. वर दोन मेकॅनिक उजवा बूट काढताना त्याला दिसले, आणि डाव्या पंखावर पडून काहीतरी करणारा इन्स्पेक्टरही दिसला. त्याने इन्स्पेक्टरची हँडओव्हर शीट, म्हणजे पुढच्या पाळीसाठी कामाची नोंद लिहायचा कागद, पाहिला. त्यात या विमानाबद्दल काहीच नव्हतं, कारण इन्स्पेक्टर अजून वरच होता, त्याने लिहिलंच नव्हतं. मग त्याने दुसऱ्या पाळीच्या एका सुपरवायझरला विचारलं, डाव्या बाजूचं काम सुरू केलंय का? त्या सुपरवायझरने मान वर करून शेपटीकडे पाहिलं आणि म्हणाला, नाही.

हे उत्तर देणाऱ्याला खोटं बोलायचं नव्हतं. पण २० फूट खालून पंखाचा वरचा पृष्ठभाग दिसतच नाही. शिवाय हे विमान त्याच्याकडे नव्हतं. तो दुसऱ्या विमानाचं काम पाहत होता, त्याने फक्त आपले दोन मेकॅनिक या कामाला दिले होते. ज्या सुपरवायझरकडे हे विमान सोपवलेलं होतं, त्याने आपल्या माणसांकडून तोंडी अहवाल घेतला नाही, पुढच्या सुपरवायझरला काही सांगितलं नाही, हँडओव्हर फॉर्म भरला नाही, आणि मेकॅनिकांना वर्क कार्डही, म्हणजे कामाचे टप्पे आणि नोंदी असलेले कागद, दिली नाहीत.

वर्क कार्डची ही बाब नीट पाहायला हवी. कार्ड हातात असतं तर अर्धवट काम लिहायला जागा असती. कार्डच नाही, तर लिहायचं कुठे? माणसं निष्काळजी होती म्हणून नोंद झाली नाही, असं म्हणणं सोपं आहे. नोंद करायचा कागदच कोणाच्या हातात नव्हता, हे जास्त खरं आहे.

तिसऱ्या पाळीच्या सुपरवायझरने ठरवलं की आज रात्री फक्त उजवा बूट होईल, डावा पुन्हा कधीतरी. त्याला मिळालेल्या माहितीवर हा निर्णय शहाणपणाचाच होता. पण त्याला माहीत नव्हतं की डावी बाजू अर्धी उघडलेली आहे.

यानंतरचा प्रसंग मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत बोचतो. 'नाही' असं उत्तर देऊन झाल्यावर, त्याच सुपरवायझरकडे एक मेकॅनिक आला आणि आपण काय काय केलं ते सांगू लागला. म्हणजे माहिती योग्य त्या क्षणी जवळजवळ योग्य त्या माणसापर्यंत पोहोचली होती. तो मागे वळून तिसऱ्या पाळीच्या सुपरवायझरला गाठू शकला असता, किंवा मेकॅनिकला विमानाच्या खऱ्या सुपरवायझरकडे पाठवू शकला असता. त्याने मेकॅनिकला सांगितलं, तिसऱ्या पाळीच्या मेकॅनिकला सांग. मेकॅनिकने तसं केलं. ज्याला सांगितलं, त्याच्याकडे हे काम आलंच नाही. त्याने लिफ्टवरची स्क्रूंची पिशवी पाहिल्याचं त्याला आठवत होतं. त्याने पुढे आणखी एका मेकॅनिकला सांगितलं. त्या दुसऱ्याला ना ते बोलणं आठवलं, ना पिशवी दिसली.

साडेदहाला इन्स्पेक्टर खाली उतरला. शीटवर लिहिलं, डी-आइस बूट काढायला मेकॅनिकला मदत केली. आणि पाळी संपवून घरी गेला. वाक्य खरं होतं. पण त्यात 'डावी बाजू' नाही, 'वरचे स्क्रू काढले' नाही, 'अजून लावायचे आहेत' नाही. आणि तिसऱ्या पाळीच्या इन्स्पेक्टरने ती शीट या नोंदीच्या आधीच वाचून ठेवली होती.

पुढे हँगरमध्ये दुसऱ्या विमानाला जागा हवी होती, म्हणून हे विमान बाहेर काढलं. उजवा बूट बाहेर, अंधारात बसवला गेला. विमानावर थेट प्रकाश टाकलेला नव्हता. तिसऱ्या पाळीचा इन्स्पेक्टर मदतीला शेपटीच्या माथ्यावर चढला. डावी बाजू त्याच्यापासून काही फुटांवर होती. पण आज काम उजव्या बाजूलाच झालंय असं त्याला वाटत होतं. मग तो डावीकडे कशाला बघेल? रिकामी भोकं अंधारात दिसली नाहीत. विमान सकाळच्या उड्डाणासाठी मोकळं झालं.

शेवटच्या दोन संधी

सकाळी वैमानिकांनी विमानाभोवती नेहमीची फेरी मारली असेलही, पण टी शेपटीचा माथा जमिनीवरून दिसत नाही. इथे त्यांच्याकडून काही राहिलं असं म्हणायला जागा नाही.

पहिलं उड्डाण ह्यूस्टनहून लारेडोला गेलं आणि सुखरूप उतरलं. त्यातल्या एका प्रवाशाला कंप जाणवला होता. समोरचं पेय थरथरत होतं, म्हणून त्याने दुसरीकडे बसू का असं केबिन कर्मचाऱ्याला विचारलं. पण कंपाबद्दल तो बोलला नाही, आणि इतर कोणाला काही जाणवलं नाही. हा कंप सुट्या कडेचाच होता का, हे खात्रीने सांगता येत नाही. तो तसा असता आणि प्रवासी बोलला असता, तरी टर्बोप्रॉप विमानात कंप म्हटल्यावर शेपटीच्या माथ्यावर शिडी लावून कोणी पाहिलं असतं का, याची मला शंकाच आहे.

पहिल्या फेरीत कड टिकली आणि दुसऱ्या फेरीत का निघाली, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येतोच. खालचे स्क्रू जागेवर होते, त्यामुळे कड काही काळ धरून राहिली. पण वरून सुटी असलेली पट्टी वेगाने येणाऱ्या हवेत सतत उचलली जाते, वाकते, आणि खालच्या जोडावर सगळा भार येतो. कधी ना कधी तो जोड तुटणार होता. इतकंच, की तुटला तो वेगाने उतरताना.

कारण काय ठरलं, आणि त्यावरचा मतभेद

एनटीएसबीच्या बहुमताने ठरवलेलं संभाव्य कारण असं: डी-आइस बूटच्या कामात देखभाल आणि तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी ठरलेली पद्धत पाळली नाही, त्यामुळे अर्धवट जोडलेली डावी कड उडताना निखळली. पद्धतींची अंमलबजावणी होते की नाही हे व्यवस्थापनाने पाहिलं नाही आणि एफएए या नियामक संस्थेच्या देखरेखीतही ते आढळलं नाही, या दोन गोष्टी त्यांनी हातभार लावणाऱ्या ठरवल्या.

मंडळाचे सदस्य जॉन लॉबर यांनी वेगळं मत नोंदवलं. त्यांचा मुद्दा असा, की या रात्रीच्या चुका अपवाद नव्हत्या, तीच त्या कंपनीची रोजची आणि सर्वमान्य कामाची रीत होती. म्हणून पद्धतींचं पालन करायला लावणारी संस्कृती व्यवस्थापनाने निर्माण केली नाही, हे मुख्य कारणातच यायला हवं, दुय्यम म्हणून नव्हे. मोठ्या अपघाताच्या अहवालात संस्थेच्या संस्कृतीला असं थेट कारणाच्या जागी बसवण्याचा हा सुरुवातीचा प्रयत्न मानला जातो.

मला लॉबर यांचं म्हणणं पटतं, पण एका अटीवर. 'संस्कृती' हा शब्द नंतरच्या काळात इतका वापरला गेला की त्याने कोणालाच काही करावं लागत नाही. इथे मात्र तो पुराव्यासकट उभा आहे. वर्क कार्ड न देता काम सुरू होतं आणि कोणाला खटकत नाही. इन्स्पेक्टर स्क्रू काढतो आणि कोणाला खटकत नाही. सुपरवायझर दुसऱ्याच्या विमानाबद्दल उत्तर देतो आणि विचारणाराही ते मान्य करतो. एका रात्री एवढ्या माणसांनी एकाच वेळी नियम मोडले, तर ती त्या रात्रीची गोष्ट उरत नाही.

अपघातानंतर एफएएच्या पथकाने कंपनीच्या देखभालीची खास तपासणी केली. त्यांना फारच थोडे दोष दिसले, आणि कंपनीच्या अंतर्गत मूल्यमापन पद्धतीचं कौतुकही झालं. पाळीबदलातल्या त्रुटी त्या तपासणीत सापडल्या नाहीत. यात नवल नाही. अशी तपासणी भरलेले कागद पाहते. न भरलेला कागद फाइलमध्ये नसतो.

'संवादाचा अभाव' पुरेसं उत्तर नाही

देखभालीतल्या मानवी चुका शिकवताना हे प्रकरण बहुधा 'संवादाचा अभाव' या मथळ्याखाली येतं. ते चुकीचं नाही. पण त्या रात्री माणसं बोलत होती. इन्स्पेक्टरने लिहिलं, मेकॅनिकने सांगितलं, सुपरवायझरने विचारलं, दुसऱ्याने उत्तर दिलं. बोलणं भरपूर झालं. विमानाची प्रत्यक्ष स्थिती मात्र त्या बोलण्यात एकदाही आली नाही.

विचारलेला प्रश्न पाहा: डाव्या बाजूचं काम सुरू झालंय का? 'काम' म्हणजे बूट काढणं, असं ऐकणाऱ्याला वाटलं, आणि बूट तर जागेवरच होता. त्याऐवजी 'या विमानात आत्ता काय काय सुटं आहे' असं विचारलं असतं, तर खालून मान वर करून उत्तर देता आलं नसतं. वर चढावं लागलं असतं, किंवा वर असलेल्याला विचारावं लागलं असतं. काम किती झालं याचा अहवाल आणि काय उघडं राहिलं याचा अहवाल, हे दोन वेगळे अहवाल आहेत. पहिल्याने वेळापत्रक चालतं, दुसऱ्याने विमान.

इन्स्पेक्टरच्या मदतीकडेही पाहायला हवं. तो कामचुकार नव्हता, उलट जास्तच करत होता. पण ज्याला काम सोपवलेलं नाही त्याने केलेलं काम कोणाच्याच यादीत येत नाही. मेकॅनिकांच्या यादीत डावी बाजू नव्हती, कारण त्यांनी तिला हात लावला नव्हता. आणि जो नंतर तपासणार, तोच आधी काम करून बसला, तर दुसरी नजर उरते कुठे? भर म्हणजे, या बूटचं काम सक्तीच्या स्वतंत्र तपासणीच्या यादीतच नव्हतं. बूट हा बर्फापासून बचावाचा भाग, म्हणून तो गौण धरला गेला. पण बूट बदलायचा तर अख्खी कडच सोडवावी लागते, आणि कड हा उड्डाणाच्या जिवाचा भाग आहे. यादी भागाच्या नावावरून ठरली, तो काढताना काय उघडावं लागतं यावरून नाही.

दुसऱ्या नजरेबद्दल बोलताना एका हेलिकॉप्टर अपघाताची आठवण होते. ७ डिसेंबर २०११ ला लास वेगासजवळ पर्यटकांना घेऊन निघालेलं एएस ३५० बी२ हेलिकॉप्टर डोंगरात कोसळलं आणि पाचही जण गेले. आदल्या दिवशी देखभाल झाली होती. रोटरचं नियंत्रण करणाऱ्या जोडणीत झिजलेला सेल्फ-लॉकिंग (आपोआप सैल न होणारा) नट पुन्हा वापरला गेला होता आणि त्याला अडवणारी स्प्लिट पिन, म्हणजे आरपार घालायची दुहेरी खिळ, बसवली नव्हती किंवा नीट बसवली नव्हती. तिथे तपासणी झाली होती. मेकॅनिक वेगळा होता, इन्स्पेक्टर वेगळा होता. पण एनटीएसबीच्या मते दोघंही थकलेले असण्याची शक्यता होती आणि वर्क कार्डवर कामाचे टप्पे स्पष्ट वेगळे काढलेले नव्हते. दुसरी नजर असणं आणि दुसरी नजर जागी असणं यात अंतर आहे. ह्यूस्टनच्या तिसऱ्या पाळीचा इन्स्पेक्टर त्याच शेपटीवर चढला होता, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

हँगरमध्ये याचा अर्थ काय

आज युरोपच्या देखभाल नियमांत पाळी किंवा माणूस बदलताना अपुऱ्या कामाची माहिती पुरेशी पोहोचवण्याचं बंधन स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि महत्त्वाच्या कामानंतर चूक पकडणारी पद्धत असण्याचंही. नियम असूनही प्रश्न उरतो, कारण पाळीबदलाची वेळ सर्वांत घाईची असते. जाणाऱ्याचं मन घरी लागलेलं असतं, आणि येणाऱ्याला सकाळचं उड्डाण दिसत असतं.

या प्रकरणातून मी कोणाला दोनच गोष्टी करायला सांगेन, तर त्या अशा. स्क्रू काढायच्या आधी कार्ड उघडायचं, मग तो स्क्रू मेकॅनिक काढो, इन्स्पेक्टर काढो किंवा खुद्द मॅनेजर. कार्ड नसेल तर पाना हातात घ्यायचा नाही. आणि काढलेल्या स्क्रूंची पिशवी लिफ्टवर ठेवायची नाही. लिफ्ट हलते, विमान हँगरबाहेर जातं, आणि पिशवी व विमान यांची ताटातूट होते. पिशवीवर विमानाचा नोंदणी क्रमांक, बाजू आणि स्क्रूंची संख्या लिहिलेलं टॅग लावायचं, आणि त्याचा जोडीदार टॅग उघडलेल्या जागेवर, शक्य नसेल तर कॉकपिटमध्ये थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, बांधायचा.